गूढ आवाज आणि लिंबाजी सरांचा उजवा हात

लिंबाजी सरांच्या गळ्यात रिदम गिटार पडली ती त्यांच्या उंचीमुळे.

लातुरात आप्पासाहेबांची गरुडशिखर अकॅडमी होती. पोरांकडून मेडिकलच्या 'नीट' परीक्षेची तयारी करून घ्यायची. लिंबाजी सर तिथं वनस्पतीशास्त्र शिकवायचे. माणूस मूळचा हदगावकडचा, सहा फूट दोन इंच, पण स्वभाव लाजाळूच्या झाडासारखा, कुणी हात लावला की मिटणारा. बायको आरती हदगावला शाळेवर होती, म्हणून सर इथं अकॅडमीच्या मागच्या गल्लीत खोली करून एकटेच राहत.

त्या साली फेब्रुवारीत आप्पासाहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावर हात आपटला.

"समोरच्या क्लासनं मागच्या गुणगौरवाला काय केलं? टॉपर पोरीला क्रेननं उचलून थेट स्टेजवर उतरवलं! पोरगी खाली आली, चप्पल वरच अडकली, तरी सगळ्या पेपरात फोटो. अन् आपण काय केलं? शाल अन् नारळ."

शाल आणि नारळ निवडणारे आप्पासाहेबच होते.

"यंदा आपला रॉक बँड! सरांचा बँड! सर वाजवून राहिले म्हणल्यावर पोरं येड्यासारखी अ‍ॅडमिशन घेतील."

केमिस्ट्रीचे गुंडप्पा सर तिथल्या तिथं उभे राहिले. कॉलेजात असताना ते गिटार वाजवायचे. डोक्यावरचे केस तेव्हाच गेले होते, पण मागचे त्यांनी त्या दिवसांची आठवण म्हणून खांद्यापर्यंत राखले होते. "लीड मी," ते म्हणाले. ऑफिसातला शहेबाज, जो एरवी प्रश्नपत्रिका छापायचा, तो मिरवणुकीत ताशा वाजवायचा. त्याला ड्रम मिळाला.

"आता रिदमला कोण?" आप्पासाहेबांनी खोलीभर नजर फिरवली. "लिंबाजी सर, तुम्ही. उंच माणूस कडेला उभा केला की फोटो बरा येतो."

"पण मला तर..." सर मिटले.

"काही अवघड न्हाई ओ," गुंडप्पा सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मी पुढं वाजवतो. तुम्ही मागं नुसतं खाजवत राहायचं."

तालमीला जागा मिळाली अकॅडमीच्या तळघरात, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांमध्ये. आप्पासाहेबांनी बजावलं होतं, की ही गोष्ट बाहेर फुटता कामा नये. समोरच्यांना कळलं तर ते दोन बँड आणतील.

पहिल्याच तालमीत लिंबाजी सरांना कळून चुकलं, की खाजवणं हे सोपं काम नाही. त्यांनी आठ दिवस मोबाईलवर बघून चार कॉर्ड बसवल्या होत्या. बोटांच्या टोकांना फोड आले होते. कॉर्ड बरोबर लागायच्या, पण गाणं सुरू झालं की सर मागं राहायचे, आणि मागं राहिलोय हे कळलं की एकदम धावत सुटायचे. गुंडप्पा सरांना याचा पत्ता नव्हता. ते डोळे मिटून वाजवायचे.

शहेबाज शेवटी अदबीनं म्हणाला, "सर, तुम्ही वाजवून राहिले ते बरोबरच हाय. पण कालचं वाजवून राहिले."

मग त्यानंच उपाय सांगितला. त्याचे मामू नांदेडला राहत. करीमभाई. गाद्यांचं दुकान होतं, पण त्याआधी बावीस वर्षं त्यांनी ऑर्केस्ट्रात रिदम गिटार वाजवली होती. अख्ख्या मराठवाड्यातल्या लग्नांत, गणपतीत, उरुसात लोक त्यांच्या हातावर नाचले होते, आणि त्यांचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळच्या गाडीनं लिंबाजी सर नांदेडला पोचले. करीमभाई दुकानात एका गादीला टाके घालत होते. सत्तरीचा, वाळलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. त्यांनी सरांना दोन मिनिटं वाजवू दिलं, मग गिटार काढून घेतली, शेजारच्या ढिगातून मूठभर कापूस उचलला आणि तारांच्या खाली कोंबला. आता गिटार वाजवली की नुसतं खस् खस् व्हायला लागलं.

"सूर गेला," सर म्हणाले.

"जाऊ द्या. सूर असला की माणूस त्याच्या आड लपतंय. आता हात खाली, हात वर. खाली, वर. थांबायचं न्हाई."

"किती वेळ?"

"एक महिना."

सर हसले. करीमभाई हसले नाहीत.

"हे बगा सर," त्यांनी सुई बाजूला ठेवली. "तुम्हाला वाटून राहिलंय ठोका मारायचा असतो. न्हाई. हात आपला जातच असतो, वर, खाली, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखा. कधी तार मधे येती, कधी येत न्हाई. गाण्यात ठोका नसला तरी हातानं जायचंच, रिकामं. तुम्ही काय करता? ठोका नसला की हात थांबवता. मग पुढचा ठोका आला की धावता. पट्टा थांबवून दळण होतंय काय?"

लिंबाजी सरांना ही गोष्ट एकदम पटली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी तरी फुलाऐवजी मुळाबद्दल काही सांगत होतं, आणि मुळं हा त्यांचा आवडता धडा होता.

त्यानंतर सरांचा हात थांबलाच नाही. ऑटोत, भाजीच्या रांगेत, दात घासताना, डावा हात आपल्या कामात आणि उजवा मांडीवर वरखाली. वर्गात प्रकाशसंश्लेषण समजावून सांगतानाही हात पँटवर घासतच होता. चौथ्या दिवशी टेबलावर कुणीतरी खरजेच्या मलमाची नवी ट्यूब ठेवली. सोबत चिठ्ठी होती: 'सर, दिवसातून दोनदा. लाजू नका.'

महिन्यानं कापूस निघाला. मग करीमभाईंनी तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवायला शिकवलं, म्हणजे सूर पसरत नाही, दबून ढम् असा येतो. सगळे ठोके खालच्या दिशेनं, मनगट सैल, खांदा गप्प. मग एका मात्रेचे चार भाग, आणि त्यातला नेमका कुठला भाग वाजवायचा, कुठला सोडायचा. शेवटी त्यांनी एक चाल बसवून दिली. ढम्, ढम्, मग एक रिकामी जागा, मग ढढम्.

"त्या रिकाम्या जागेत घाबरायचं न्हाई," ते म्हणाले. "थांबणं पण वाजवायचंच असतंय."

सर रोज दुपारी दोन ते तीन तळघरात रियाज करू लागले. त्या वेळी अकॅडमीला जेवणाची सुट्टी असे आणि शटर खाली असे. ॲम्प्लिफायर त्यांनी फरशीवरच, खांबाला टेकवून ठेवला होता. आवाज जरा मोठा केला की छातीत गुदगुल्या व्हायच्या. सरांना ते फार आवडायचं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सर संध्याकाळी खोलीवर आले, तर घरमालकीण दानम्मा अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या. पंचाहत्तरीच्या बाई, कानडी सीमेकडच्या. बोलता बोलता कन्नड मिसळायच्या. शेजारच्या पाच-सहा बाया भोवती उभ्या होत्या.

"काय झालं, अक्का?"

"अय्यो सर, जमिनीतनं आवाज येऊन राहिलाय! आठ दिस झालं. दुपारी फरशीवर आडवं झालं की थेट कानात."

लिंबाजी सरांच्या तोंडचं पाणी पळालं. लातुरात जमिनीतल्या आवाजावर कुणी थट्टा करत नाही. त्र्याण्णव सालच्या भूकंपाला दानम्माबाई माहेरी गेल्या होत्या. त्यांनी तिथं काय बघितलं ते त्यांनी सरांना चार वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, आणि सरांनीही विचारलं नव्हतं. पण घरातली भांडी त्या अजूनही उंच फळीवर ठेवत नसत.

"कधी येतो आवाज?"

"दोन ते तीन."

"मी तर तेव्हा अकॅडमीतच असतो. आमच्याकडं तर काहीच ऐकू येत नाही," सर त्यांच्यापुरतं अगदी खरं बोलले.

"कसा येतोय सांगू?" दानम्मांनी शेजारचा रिकामा डबा मांडीवर घेतला आणि त्यावर हात मारला. ढम्. ढम्. थोडं थांबल्या. मग ढढम्, आणि त्यातला दुसरा ठोका लंगडत, जरासा उशिरा.

सर जागच्या जागी थिजले.

चाल त्यांचीच होती. ती लंगडही त्यांचीच होती. गेले दोन रविवार करीमभाई त्याच ठोक्यावरून ओरडत होते आणि सरांना ती चूक काही केल्या ऐकू येत नव्हती. आज डब्यावर ती लख्ख ऐकू आली.

"पुन्हा वाजवा बरं, अक्का," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी पुन्हा वाजवलं. सरांनी मान डोलावली, मग आपण काय करतोय ते लक्षात येऊन मान आवरली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

सांगावं तर आप्पासाहेबांची ताकीद, न सांगावं तर बाया अंगणात. सरांनी दुसऱ्या दिवशी आवाज निम्मा केला. पण खांब इमानी होता, त्यानं तेवढाही आवाज जमिनीत पोचवला. तिसऱ्या दिवशी पेपरात आलं: 'भूगर्भातून गूढ आवाज, नागरिक भयभीत'. चौथ्या दिवशी तलाठी महानंदा मॅडम नोंदवही घेऊन गल्लीत हजर झाल्या.

मॅडम कामाला पक्क्या होत्या. त्यांनी घरोघरी विचारून तक्ता केला. वार, वेळ, आवाजाचा प्रकार. "रविवारी आवाज नसतो," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "जमिनीला साप्ताहिक सुट्टी कशी काय?" मग त्यांनी पंचनाम्याला पंच शोधायला सुरुवात केली आणि गल्लीनं एकमुखानं नाव सुचवलं, लिंबाजी सर. विज्ञानाचा माणूस.

दुसऱ्या दिवशी बरोबर दोन वाजता सर, महानंदा मॅडम आणि गल्लीतली पंचवीस माणसं अंगणात बसली. मधोमध फरशीवर पाण्यानं भरलेला पेला. सगळ्यांची नजर पाण्यावर. सव्वादोन झाले, अडीच झाले, तीन वाजले. पाण्यावर एक माशी बसून गेली, एवढंच.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सर रियाजाला गेले. आवाज आला. तिसऱ्या दिवशी मॅडमनी पुन्हा पंच म्हणून बसवलं. आवाज नाही.

दानम्मांनी हात जोडले. "सर असले की जमीन गप्प बसतीया!"

झालं! गल्लीनं लिंबाजी सरांचं देवस्थान केलं. दुपारी दीडला लोक त्यांना अकॅडमीच्या दारातून हाताला धरून आणत, अंगणातल्या खुर्चीवर बसवत, कपाळाला कुंकू लावत. कुणी शेंगदाण्याची पोळी आणे, कुणी ताक. एकानं नवा ट्रॅक्टर आणून त्याच्या बोनेटवर सरांचा हात ठेवून घेतला. सर हात ठेवत आणि दुसरा हात मांडीवर वरखाली करत बसत. लोकांना वाटलं, हा मंत्र आहे. पोरं तसा हात करायला लागली.

असे सहा दिवस गेले. रियाज बंद. कार्यक्रम दोन महिन्यांवर आलेला. पण सरांना खरी टोचणी वेगळीच होती. सातव्या दिवशी, सर येण्याआधीच, दानम्मा उन्हात खुर्ची टाकून बसलेल्या त्यांनी लांबून बघितल्या. डोक्यावर पदर, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत घराची कागदपत्रं आणि नवऱ्याचा फोटो. म्हातारी एकदाही हसत नव्हती. आपण ताक पीत बसलो आणि ही बाई बेचाळीस डिग्रीत घाबरून बसली, या विचारानं सरांना स्वतःचीच शिसारी आली.

"अक्का," ते म्हणाले, "माझ्यासोबत चला. तुम्हाला काही दाखवायचंय."

त्यांनी दानम्मांना हाताला धरून अकॅडमीत आणलं, तळघराच्या पायऱ्या उतरवून प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर बसवलं. मग गिटार गळ्यात घातली आणि वाजवली. ढम्, ढम्, जागा, ढढम्.

दानम्मांनी चाल शेवटपर्यंत ऐकली. मग त्या उठल्या, हातातली बाटली उघडली आणि सगळं पाणी सरांच्या डोक्यावर ओतलं. सर उंच असल्यामुळे निम्मं छातीवरच पडलं.

"बांबू लेकाचे!" त्या ओरडल्या. "माझा जीव अर्धा झाला की! मी पोराला पुण्याहून बोलावून राहिले होते!"

"चुकलं, अक्का."

"चुकलंच. साकु, पुरे आता!" त्या पुन्हा गठ्ठ्यावर बसल्या. पदरानं कपाळ पुसलं. आणि मग, काय झालं कुणास ठाऊक, त्यांना हसू फुटलं. खांदे हलवून हलवून हसल्या. "ट्रॅक्टरवर हात ठेवला की ओ तुमी!"

सरही हसले, ओल्या अंगानं.

"पण तो शेवटचा ठोका अजून मागं पडून राहिलाय," दानम्मा डोळे पुसत म्हणाल्या. "पंधरा दिस तेच ऐकून कान किटले. बरोबर वाजवा बगू."

सरांनी वाजवला. "न्हाई." पुन्हा वाजवला. "न्हाई." अकराव्या वेळी दानम्मांनी नुसती मान हलवली, आणि सरांना स्वतःलाही कळलं, की ठोका जागेवर पडला. रिकाम्या जागेत हात थांबला नव्हता, एवढाच फरक होता.

महानंदा मॅडमना दानम्मांनीच जाऊन सगळं सांगितलं. मॅडम रागावल्या, मग तळघर बघायला आल्या, मग ॲम्प्लिफायरखाली त्यांनी स्वतः उभं राहून तीन जाड गाद्या घालून घेतल्या. त्या करीमभाईंनीच नांदेडहून पाठवल्या होत्या. आप्पासाहेबांचं गुपित फुटू नये म्हणून गल्लीनंही तोंडाला कुलूप लावलं, पण फाईल तर बंद करायची होती. मॅडमनी शेवटचा शेरा लिहिला: 'सदर आवाज मानवनिर्मित असून भीतीचे कारण नाही. सुरुवातीस आवाज अनियमित होता. आता तो समान अंतराने येतो. प्रगती समाधानकारक.'

लिंबाजी सरांनी त्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली. इतक्या दिवसांत त्यांना मिळालेलं हे एकच प्रशस्तिपत्र होतं.

जूनच्या शेवटी गुणगौरव झाला. मंगल कार्यालय खच्चून भरलं होतं. पोरं, आईबाप, मेसवाले, मागची अख्खी गल्ली. पहिल्या रांगेत दानम्मा, शेजारी करीमभाई, पलीकडं हदगावहून आलेली आरती. आप्पासाहेबांनी धूर सोडायचं मशीन आणलं होतं. ते इतकं चाललं, की सुरुवातीची दोन मिनिटं बँड कुठं आहे तेच दिसेना.

पहिलं गाणं बरं झालं. दुसऱ्यात गुंडप्पा सरांचा सोलो होता. तालमीत तो एक मिनिटाचा होता. स्टेजवर टाळ्या पडल्या आणि गुंडप्पा सरांनी डोळे मिटले. दोन मिनिटं झाली. चार झाली. ते गुडघ्यावर बसले, उठले, मानेला झटका देऊन मागचे केस पुढं आणले, आणि त्या नादात गाणं कुठं आहे हे पार विसरले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहरा जत्रेत हरवलेल्या पोरासारखा झाला होता. शहेबाज त्यांच्याकडं बघून गडबडला. त्याचा पाय एकदा चुकला, दोनदा चुकला.

लिंबाजी सरांनी कुणाकडंच बघितलं नाही. हात खाली, हात वर. ढम्, ढम्, जागा, ढढम्. शहेबाजनं ते पकडलं आणि पाय पुन्हा रस्त्याला लागला. गल्लीतल्या बायांना तर ही चाल झोपेतही पाठ होती. दानम्मांनी मांडीवर हात मारायला सुरुवात केली, मागून चाळीस-पन्नास हात पडले, आणि रिकाम्या जागेवर सगळ्या गल्लीचे हात एकदम थांबले. बाकीच्या सभागृहाला वाटलं, हे ठरवूनच केलंय. पुढच्या फेरीला तेही थांबले.

गुंडप्पा सर दोन फेऱ्या नुसते ऐकत राहिले. तिसऱ्या फेरीला लिंबाजी सरांनी त्यांच्याकडं बघून मान लववली, या, म्हणून. आणि ते आले, अगदी जागेवर.

कार्यक्रम संपल्यावर पोरांनी गुंडप्पा सरांना खांद्यावर घेतलं. आप्पासाहेबांनी त्यांच्या गळ्यात दोन हार घातले. लिंबाजी सरांना एका बापानं "वायरिंग तुमीच बघता का?" असं विचारलं. सरांना त्याचं काही वाटलं नाही. आरती त्यांच्या शेजारी उभी होती आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही एवढे शांत उभे असलेले मी पहिल्यांदा बघितले." करीमभाई आले. त्यांनी सरांचं उजवं मनगट दाबून बघितलं, जसा डॉक्टर बघतो.

"पहिल्या गाण्यात दोनदा घाई केली," ते म्हणाले. "रविवारी या."

गर्दी पांगल्यावर गुंडप्पा सर हार काढत काढत जवळ आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "सर, खरं सांगा. मधे मी कुठं गेलो होतो?"

"नांदेडला," लिंबाजी सर म्हणाले.

"अन् तुम्ही?"

"मी लातुरातच होतो."

गुंडप्पा सरांनी मान खाली घातली. थोडा वेळ हाराची फुलं खुडत राहिले. मग म्हणाले, "त्या रविवारच्या गाडीला जागा मिळती का हो?"

रविवारी दोघं एका सीटवर बसून निघाले. अहमदपूर येईपर्यंत गुंडप्पा सर आपल्या सोलोबद्दलच बोलत होते. मग हळूहळू गप्प झाले. लोह्याला गाडी चहाला थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "करीमभाई लई रागीट हायत का हो?"

"न्हाई ओ," लिंबाजी सर म्हणाले, आणि आपल्या कागदातलं शेवटचं गरम भजं त्यांनी गुंडप्पा सरांपुढं केलं.